मदतीचा रकाना

१ ऑगस्ट, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण आत्ताच सांगून ठेवतो. पदवीचं शेवटचं वर्ष सुरू झालंय, आणि आमच्या गणित विभागातून संशोधन संस्थेत दरवर्षी एकच जण जातो. यंदा तो मी असणार. पुढे कोणी माझ्याविषयी लिहायला बसलं, तर ‘या माणसाला हे सगळं सुचत कसं होतं?’ हा प्रश्न येणारच. तेव्हा जे सुचेल ते त्याच आठवड्यात टिपून ठेवलेलं बरं. ताईने वही पाहिली आणि म्हणाली, “प्रोफेसर, पहिल्या पानावर फोटोला जागा सोड हं.” ती टपाल कचेरीत खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घेते आणि घरी आल्यावर मला ऐकवते.

विश्लेषण हा विषय शिकवणाऱ्या बाई दर आठवड्याला सहा गणितांचा गृहपाठ देतात. सोमवारी तो त्यांच्या खोलीबाहेरच्या लाकडी पेटीत टाकायचा. चर्चा कोणाशीही करा, लिहायचं मात्र एकट्याने, असा नियम. कागदाच्या तळाशी एक रकाना छापलेला असतो: ‘मदत घेतली असल्यास कोणाची व कशात’. त्याखाली बारीक अक्षरात, ‘मदत घेणे हा दोष नाही. न सांगणे हा दोष आहे.’ ही बाईंची स्वतःची पद्धत. बाकी कोणी सर असली भानगड ठेवत नाहीत.

पहिल्या गृहपाठातलं चौथं गणित परवा वाचनालयात सुचलं, त्याची नोंद. संख्यांची एक रांग आहे, ती सतत चढत जाते, पण एका मर्यादेच्या वर कधीच जात नाही. तर ती कुठेतरी स्थिरावते, हे सिद्ध करायचं. दोन तास डोकं खाजवलं. समोर प्रश्नावली बसली होती. ही माझ्या वर्गातली, वसतिगृहात राहणारी. ठामपणे काही सांगायचं म्हणून नाही, नुसते प्रश्न विचारते, म्हणून मी ठेवलेलं नाव. ती म्हणाली, “ती मर्यादा म्हणजे डोक्यावरचं छत धर. पण छतं पुष्कळ असतील ना? मग सगळ्यात खालचं छत कुठलं?” असले बाळबोध प्रश्न! पण दुसऱ्याच क्षणी मला लख्ख सुचलं: सर्वांत खालचं छत, तोच रांगेचा मुक्काम. भराभर लिहून काढलं. तिच्या लिखाणात शेंडाबुडखा काही नसतो. काय गृहीत धरायचं, कुठून सुरुवात करायची, ते मीच तिला समजावून दिलं.

रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. तिने दोन शब्द लिहून कागद पेटीत टाकला. माझं नाव असणार, आणि ते योग्यच आहे.

११ ऑगस्ट, गुरुवार

बाबांच्या चष्म्याच्या दुकानात तासभर बसलो. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता बाबा म्हणाले, “हा आमचा मुलगा. गणितात आहे. मोठ्या संस्थेत जायचाय यंदा.” गिऱ्हाईक म्हणालं, “खालची ओळ अजून धूसर दिसतेय.” बाबांनी भिंग बदललं आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मग म्हणाले, “थोरल्या मुलीचंही डोकं चांगलं होतं. पण एकाचंच शिक्षण झेपण्यासारखं होतं.” ताईचं डोकं चांगलं होतं हे मला नवीनच. बाबांना सगळ्यांचंच कौतुक, त्याला काय करणार.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

आज बहार आली. गणित असं: शून्य ते एक एवढ्यातली कुठलीही संख्या घ्या, तिच्या बदल्यात त्याच टप्प्यातली एक संख्या मिळते, आणि हा बदल कुठेही तुटत नाही. तर एक तरी संख्या अशी असतेच, जिच्या बदल्यात तीच परत मिळते. मी तीन पानं आकडेमोड केली, सगळी फुकट. प्रश्नावलीने जुन्या पाकिटाच्या पाठीवर एक चौकोन काढला आणि त्यात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी रेघ ओढली. “डाव्या बाजूने निघायचं, उजवीकडे पोचायचं, पेन्सिल उचलायची नाही. ही रेघ न ओलांडता कोणाला जमेल?” झालं! माझ्या डोळ्यांपुढे उत्तर उभं राहिलं. बदल वजा मूळ संख्या, ते कुठेतरी शून्य होणारच. चार ओळींत सिद्धता, इतकी देखणी की मी ती दोनदा वाचली.

तिला चहा पाजला. पाकीट मी खिशात घातलं, आठवण म्हणून.

२० ऑगस्ट, शनिवार

प्रश्नावली दोन दिवस तापाने आजारी. एकही गणित झालं नाही. माझंही डोकं दुखतंय. वाचनालयात हवाच खेळत नाही.

२३ ऑगस्ट, मंगळवार

ती आली. तासाभरात मला तीन गणितं सुचली. डोकेदुखी गेली.

३० ऑगस्ट, मंगळवार

बाईंनी खोलीत बोलावलं. टेबलावर माझे गृहपाठ. म्हणाल्या, “तुझी मांडणी फार स्वच्छ आहे. एक शब्द काढावा म्हटलं तर जागा नाही. हे सुचतं कसं तुला?”

मी म्हणालो, “एकदम सुचतं, बाई.”

“एकट्याला बसून?”

“हो.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, त्यांच्या आई अंथरुणाला खिळल्यात, त्या दीड महिना रजेवर चालल्यात. तोवर गृहपाठ विभागप्रमुख तपासतील. संस्थेसाठीचं शिफारसपत्र आल्यावर लिहू. पत्राचं त्यांनी स्वतःहून काढलं! घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. आईला सांगितलं, तर तिने आधी बाईंच्या आईला काय झालंय ते विचारलं. ते मी विचारायचंच विसरलो होतो.

९ सप्टेंबर, शुक्रवार

आज भांडण. म्हणजे मी भांडलो, ती ऐकत होती.

सातव्या गृहपाठातलं पाचवं गणित. सोप्या भाषेत लिहितो. प्रत्येक बिंदूपाशी आपल्याला थोडी मोकळीक असते: एवढं हललं तरी चालेल, उत्तर फार बदलणार नाही. प्रत्येक बिंदूची मोकळीक वेगळी. तर सगळ्या बिंदूंना चालेल अशी एकच मोकळीक काढून दाखवायची. प्रश्नावली कधी नव्हे ती गप्प बसली होती, आणि मला सुचलं! स्वतःहून, कोणी काही न बोलता. सगळ्या मोकळिकांतली सर्वांत लहान घ्यायची. जी सर्वांत लहान, ती सगळ्यांना चालणारच.

ती म्हणाली, “सर्वांत लहान असेलच का?”

“म्हणजे काय? सगळ्या शून्याहून मोठ्या आहेत. मग त्यातली सर्वांत लहानही शून्याहून मोठीच.”

“पण बिंदू संपतच नाहीत रे. मग सर्वांत लहान असेलच का?”

“तेच तेच काय विचारतेस? तुझ्याकडे दुसरं काही आहे?”

“नाही.” जरा वेळाने पुन्हा, “पण असेलच का?”

माझा पारा चढला. म्हटलं, “इथे तरी प्रश्न पुरेत. लिही.” आणि शब्द न् शब्द सांगितला. तिने मान खाली घालून तसाच्या तसा उतरवला. लिहायचं एकट्याने, हा नियम आज जरा वाकला खरा. पण सहा ओळींनी काय आभाळ कोसळणार आहे? तिच्या पायात नाही तरी बेडी अडकलेलीच आहे. तिच्या दादाने सांगून ठेवलंय, यंदा पदवी हातात नाही तर पुढच्या वर्षी खोली सोड आणि घरी ये. अशा माणसाने हट्ट करू नये.

२१ सप्टेंबर, बुधवार

आभाळ कोसळलं.

सातवा गृहपाठ सगळ्यांना परत मिळाला, फक्त आम्हा दोघांना नाही. विभागप्रमुखांच्या दाराशी जाऊन विचारलं. सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून दाखवले. पाचव्या गणितात त्याच सहा ओळी, आणि दोन्हीकडे तिसऱ्या पायरीभोवती लाल गोल. माझ्या कागदावर समासात लिहिलं होतं: ‘१/२, १/३, १/४, १/५… सगळ्या शून्याहून मोठ्या. यातली सर्वांत लहान दाखवा.’

दाराशी उभ्या उभ्या माझे कान तापले. दाखवता येत नाही. सर्वांत लहान अशी नाहीच, त्यांच्या पुढे नेहमीच आणखी एक लहान. शाळेतल्या पोराला कळावं. चूक कोणाचीही होते, पण सर म्हणाले, “बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं. एकच चूक, त्याच शब्दांत, हा योगायोग नसतो. शुक्रवारी दोघं समितीपुढे या.”

नक्कल सिद्ध झाली तर नक्कल करणाऱ्याचा परीक्षा अर्ज अडवतात. म्हणजे वर्ष गेलं. माझी पाचावर धारण बसली. जेवण गेलं नाही. आईला म्हटलं, पोट बिघडलंय.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

जसं घडलं तसं लिहितो.

विभागप्रमुखांची खोली. सर, त्यांच्या शेजारी बीजगणिताचे सर, आणि टिपून घ्यायला एक लिपिक. आम्ही दोघं टेबलाच्या अलीकडे, टेबलाच्या काचेखाली कुठल्यातरी जुन्या वर्षाचं वेळापत्रक. मी तेच वाचत होतो.

सरांनी प्रश्नावलीला विचारलं, “ही तिसरी पायरी कोणाची?”

“त्याची,” ती म्हणाली.

“रकान्यात तुम्ही तसं लिहूनही दिलंय, की पायरी याची आहे.”

“हो.”

मग माझ्याकडे वळून: “आणि तुमच्या रकान्यात ‘नाही’. सातही कागदांवर ‘नाही’. एरवी तुम्हा दोघांत गणितं सोडवतं कोण?”

मी म्हणालो, “मी.”

लिपिकाने लिहून घेतलं. प्रश्नावली माझ्याकडे बघत होती असं वाटलं, पण मी वेळापत्रक वाचत होतो. सरांनी तिला विचारलं, आणखी काही सांगायचंय का? ती म्हणाली, “नाही.”

२४ सप्टेंबर, शनिवार

मी खोटं काय बोललो? गणितं मीच सोडवतो. सुचतं मला, मांडतो मी, लिहितो मी. तिने स्वतः कबूल केलं, तेही लेखी. मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोललेलो नाही. मला जे विचारलं त्याचं एका शब्दात उत्तर दिलं.

तरी काल दुपारपासून ही वही तीनदा उघडून मिटली. ताईने विचारलं, “तुझी ती मैत्रीण हल्ली दिसत नाही?” तुला काय करायचंय, म्हणून खेकसलो. ती काही बोलली नाही, आणि ताई काही बोलली नाही म्हणजे फारच झालं.

२८ सप्टेंबर, बुधवार

फलकावर निर्णय लागला. तिचा परीक्षा अर्ज रोखला आहे. मला ‘यापुढे आपले लेखन इतरांस देऊ नये’ अशी ताकीद. जीव भांड्यात पडला, आणि त्याच मिनिटाला लाज वाटली. दोन्ही लिहून ठेवतो.

अर्जाची खिडकी १५ ऑक्टोबरला, शनिवारी बंद होते. तोवर समितीने निर्णय फिरवला तरच ती परीक्षेला बसेल. पण समिती कशाला फिरवेल?

४ ऑक्टोबर, मंगळवार

अकराव्या गृहपाठाला बसलो. वाचनालयातलं तेच टेबल, तीच खिडकी. पहिलं गणित वाचलं, दुसरं वाचलं, सहाही वाचली. पुन्हा पहिलं. समोरची खुर्ची रिकामी होती, तिथे कोणीतरी आपली पिशवी आणून ठेवली.

चार दिवस असंच चाललंय. मनाची घालमेल चालू असताना गणित सुचत नाही, हे उघड आहे.

सोमवारी कोरा कागद पेटीत टाकला होता, तेही आज लिहून टाकतो.

११ ऑक्टोबर, मंगळवार

बाई परत आल्या. त्यांच्या आई गेल्या, हे मला शिपायाकडून कळलं. मला बोलावलं तेव्हा वाटलं, पत्राबद्दल असेल. सांत्वनाचं काय बोलावं हे मनात जुळवत आत गेलो आणि तोंडातून “पत्राचं काही…” असं निघालं. जिभेला काही हाड असतं तर मोडून घेतलं असतं.

बाई म्हणाल्या, “बस.” त्यांनी प्रश्नावलीचे सात कागद माझ्यापुढे ठेवले, प्रत्येकाचा तळ वर करून. “कधी वाचलेस हे?”

नव्हते वाचले. तिच्या कागदात माझ्याविषयी काय असणार, ते मला ठाऊकच होतं की!

पहिल्यावर: ‘मांडणी त्याची.’ दुसऱ्यावर: ‘मांडणी त्याची.’ तिसऱ्यावर: ‘शेवटच्या चार ओळींची मांडणी त्याची.’ चौथ्यावर: ‘नाही.’ हा ती तापात असतानाचा, एकटीने वसतिगृहात केलेला. सहाही गणितं पूर्ण, पसाऱ्यासारखी लिहिलेली, सगळी बरोबर. पाचवा, सहावा: ‘मांडणी त्याची.’ आणि सातवा: ‘पाचव्या गणितातली तिसरी पायरी त्याची. मला पटलेली नाही, पण माझ्याकडे दुसरी नाही.’

सरांनी त्यातलं फक्त पहिलं वाक्य वाचून दाखवलं होतं.

मी म्हणालो, “बाई, पण सुचलं मला. प्रत्येक वेळी. मी त्याच वेळी टिपूनही ठेवलंय.”

“टिपून ठेवलंयस?” बाई म्हणाल्या. “मग घरी जाऊन वाच.”

“तुम्हीच सांगा ना समितीला.”

“काय सांगू? मी तिथे नव्हते, आणि माझा तर्क हा पुरावा नव्हे. गणितं मी सोडवतो, हा तुझा शब्द तिथे लिहिलेला आहे. खोडायचा तर तो तुलाच खोडता येईल.”

तोच दिवस, संध्याकाळ

वाचलं.

पुरावा शोधायला बसलो होतो. पेन्सिल घेतली, जिथे जिथे ‘मला सुचलं’ लिहिलंय तिथे खूण करायची, आणि ती यादी बाईंना नेऊन दाखवायची. खुणा झाल्या. प्रत्येक खुणेच्या वर, एक-दोन ओळींवर, ‘ती म्हणाली’. सर्वांत खालचं छत कुठलं, ती म्हणाली. रेघ न ओलांडता कोणाला जमेल, ती म्हणाली. यात सुचायचं काय राहिलं होतं? ती दार उघडून बाजूला उभी राहत होती आणि मी आत शिरून म्हणत होतो, सापडलं!

ती आजारी, तेव्हा माझं डोकं दुखत होतं. ती आली, डोकेदुखी गेली. हे मी माझ्या हाताने लिहिलंय. लिहिताना हसूसुद्धा आलं नाही.

अख्ख्या वहीत एकच गोष्ट कोणीही काही न बोलता मला एकट्याला सुचलेली आहे. ती म्हणजे ती चूक.

पानं फाडावीशी वाटली. फाडणार होतो. मग वाटलं, ही फाडली तर माझ्याकडे खरं असं काहीच उरणार नाही.

१२ ऑक्टोबर, बुधवार

ताई कामावरून आली, पाय धुऊन बसली, तेव्हा तिला विचारलं, “शाळेत असताना माझी गणितं कोण सोडवायचं?”

“तूच सोडवायचास. मी नुसती शेजारी बसायचे.”

“आणि प्रश्न विचारायचीस.”

ताईने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “आता ते कशाला उकरतोस? जेवायला बस.”

मला रडू आलं. ती उठून पाणी घेऊन आली, पण काय झालं म्हणून विचारलं नाही.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

समितीला पत्र लिहायला बसलो. पहिलं दोन पानांचं झालं. वाचून पाहिलं तर त्यात मी किती प्रामाणिक आहे याचंच वर्णन. फाडलं. दुसऱ्यात ‘आमच्या दोघांत काही गैरसमज झाला’ असं आलं. फाडलं. गैरसमज कसला? तिसरं लिहिताना मनात हिशेब सुरू: पत्र सोमवारी दिलं तर? अर्जाची खिडकी बंद झालेली असेल, माझं मन मोकळं होईल, आणि निर्णयही फिरणार नाही. असा विचार मला आला. मोजून दहा मिनिटं तो मला चांगला वाटला. हे कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी बाईंकडे जाऊन माझे सात कागद मागितले. बाहेरच्या बाकावर बसून प्रत्येकावरचं ‘नाही’ खोडलं आणि खाली लिहिलं. पहिल्यावर: सर्वांत खालच्या छताची कल्पना तिची. तिसऱ्यावर: चौकोन आणि तिरकी रेघ तिची. पाकीट खिशात होतं, ते टाचणीने जोडलं. दुसऱ्या, पाचव्या, सहाव्यावर जेवढं वहीत सापडलं तेवढं. चौथ्यावर ‘नाही’ तसंच ठेवलं, कारण तो मी एकट्याने केला होता आणि त्यात सहापैकी चार गणितं अर्धवट आहेत. सातव्यावर: ‘तिसरी पायरी माझी. तिने तीनदा विचारलं होतं. मी तिला लिहायला लावलं. समितीपुढे मी सांगितलं ते खोटं होतं.’

विभागप्रमुखांनी सगळे वाचले. या वेळी पूर्ण वाचले. म्हणाले, “समितीपुढे खोटं सांगणं हे नकलेपेक्षा वाईट, हे कळतंय ना तुम्हाला? अर्ज मग तुमचा थांबेल.”

“हो सर.”

“संस्थेचंही विसरा.”

“हो.”

“घरी विचारलंत?”

घरी विचारलं नव्हतं. सरांनी लिपिकाला बोलावून समितीची बैठक दुपारी तीनला लावली. खोलीबाहेर आलो, तर काहीतरी मोठं केल्याचा आनंद वगैरे काही नव्हता. भूक मात्र सपाटून लागली होती.

१५ ऑक्टोबर, शनिवार

अर्जाच्या खिडकीपाशी रांग. प्रश्नावली रांगेत होती, हातात अर्ज. मी खांबामागे उभा राहिलो. तिचा अर्ज आत गेला, शिक्का पडला, पावती मिळाली. मग मी घरी आलो.

बाबांना दुकानातच सांगितलं. सगळं. ते एका भिंगाची कड घासत होते, घासतच राहिले. भिंग केव्हाच गुळगुळीत झालं असावं. शेवटी म्हणाले, “म्हणजे वर्ष गेलं.”

“हो बाबा.”

“आणि ती मुलगी बसणार?”

“हो.”

“मग ठीक,” बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज ठीक नव्हता. एक गिऱ्हाईक आलं. बाबांनी त्याच्या नाकावर फ्रेम बसवली, मागून कानापाशी वाकवली, पुढून पाहिलं. माझ्याविषयी काही बोलले नाहीत. गिऱ्हाइकाला सगळं स्वच्छ दिसत होतं.

९ नोव्हेंबर, बुधवार

आज विश्लेषणाचा पेपर. माझं तिथे काही काम नव्हतं, तरी गेलो आणि परीक्षागृहाबाहेरच्या जिन्यापाशी उभा राहिलो. घंटा झाली, मुलं बाहेर पडली. ती जवळजवळ शेवटी आली, बोटांना शाई.

“कसा गेला?”

“पाचवं राहिलं. बाकी झाली.”

तीन आठवडे घोकलेलं वाक्य म्हटलं: “माझं चुकलं. फार चुकलं.” ती “हं” म्हणाली. माफ केलं असंही नाही आणि नाही केलं असंही नाही. मी घाईने म्हणालो, “पुढच्या वर्षी मी पुन्हा बसतोय. मला कुठे अडलं, तर तू…”

“अडलं तर बाईंना विचार,” ती म्हणाली. “त्या सांगतात.”

ती निघाली, आणि जो प्रश्न विचारायचा नाही असं ठरवून आलो होतो तो मी विचारलाच. “त्या दिवशी सरांच्या खोलीत तू गप्प का बसलीस? मी धडधडीत खोटं बोललो. तू शेजारी बसली होतीस. एक शब्द बोलली असतीस तर…”

ती पायरीवर थांबली. तिला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

“पायरी कोणाची ते मला विचारलं, मी सांगितलं,” ती म्हणाली. “सोडवतं कोण, ते तुला विचारलं होतं. मला वाटलं, तू सांगशील.”

आणि ती जिना उतरून गेली.